यजमान कोणी नेमले?

‘गोल्फ’ या इंग्रजी शब्दातली चार अक्षरे म्हणजे ‘फक्त सद्गृहस्थांसाठी, स्त्रियांना मज्जाव’ अशा अर्थाच्या चार शब्दांची आद्याक्षरे होत, असे एक ज्ञान पूर्वी ढकलपत्रांतून यायचे, आता व्हॉट्सॲपवरून येते. ते साफ खोटे आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने तिरंदाजीच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, त्या कायद्यात हा शब्द आलेला आहे. आद्याक्षरे जुळवून शब्द पाडण्याची खोड त्या काळी कोणाला नव्हती. शिवाय त्या कायद्यात स्त्रियांना असा वेगळा मज्जाव नाहीच, खेळच बंद. तरीही ही थाप मोठ्या चवीने सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यांत गोल्फ खेळणारे बरेच असतात. खोट्या व्युत्पत्तीतून शब्दाविषयी काही कळत नाही. ती सांगणाऱ्याला काय खरे असावेसे वाटते, तेवढे मात्र नेमके कळते.

पण या टिपणाचा विषय ती थाप नव्हे. तिच्या अगदी उलट टोकाला उभे असलेले एक सज्जन वाक्य आहे. ‘गोल्फच्या खेळात स्त्रियांचे स्वागत व्हावे, त्यांना येथे आपलेपणा वाटावा’ हे ते वाक्य. गोल्फच्या संस्था ते गेली काही वर्षे सतत उच्चारीत आहेत. सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ या नियामक संस्थेने २०१८ साली स्त्रियांच्या सहभागाविषयी एक सनदच काढली. हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. माझे भांडण ‘स्वागत’ या शब्दाशी आहे. स्वागत यजमान करतो. ज्याचे स्वागत होते तो बाहेरून आलेला असतो, उशिरा आलेला असतो, आणि आपल्या वागण्याने यजमानाला अवघडल्यासारखे होऊ नये ही जबाबदारी त्याची असते. स्त्री या खेळात बाहेरून आली, हे गृहीतक त्या थापेत जसे आहे तसेच या वाक्यातही आहे. थाप तिला दारात अडवते आणि वाक्य तिला दारात ओवाळते, एवढाच फरक.

दार कोणाचे, हे मात्र तपासायला हवे.

एडिंबरोजवळ मसलबरा नावाचे गाव आहे. तेथील गोल्फ क्लबाच्या इतिवृत्तात १८१० सालच्या डिसेंबरातली एक नोंद आहे. येत्या नववर्षदिनी गावातल्या कोळणींची गोल्फची स्पर्धा घ्यावी, आणि जिंकणारीला बक्षीस म्हणून मासळी वाहण्याची नवी पाटी आणि रेशमी रुमाल द्यावेत, असा तो ठराव. या नोंदीपाशी थोडे थांबले पाहिजे. बक्षीस देणारे क्लबातले पुरुष आहेत, आणि रोजच्या ओझ्याची पाटीच बक्षीस म्हणून देण्यात थोडी गंमत, थोडी हेटाळणी असणार, हे उघड आहे. पण स्पर्धा कोणाची ठेवतात? ज्यांना खेळ येतो त्यांची. डोक्यापाठीवर मासळीचे ओझे घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या या बाया फुरसतीत गोल्फ खेळत होत्या, आणि चांगला खेळत असल्या पाहिजेत; नाहीतर सरदार-सावकारांच्या क्लबाला त्यांच्यासाठी पदरचे पैसे खर्चावेसे वाटले नसते. त्यांना कोणी निमंत्रण धाडले नव्हते. समुद्रकाठची वाळूची पडीक जमीन गावाची होती, तीवर गाव खेळत होते.

याच्याही आधी, १५६७ मध्ये, नवऱ्याचा खून होऊन थोडेच दिवस झाले असताना राणी मेरी गोल्फ खेळत होती, असा आरोप तिच्या शत्रूंनी तिच्यावर ठेवला. ती खेळली की नाही हा इतिहासकारांचा प्रश्न. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. आरोप होता तो सुतकात खेळल्याचा. बायकांना न शोभणारे खेळ ती खेळली, असाही शेरा तिच्या वैऱ्यांनी मारला; पण मूळ आरोप सुतकाचाच.

मग मज्जाव आला कुठून? तो आला एकोणिसाव्या शतकात, आणि त्याची घडण मोठी पाहण्यासारखी आहे. रेल्वे आली, मध्यमवर्गाच्या हाती पैसा आणि शनिवार आला, क्लब फोफावले, आणि गावाच्या खेळाला चार भिंतींचे क्लबहाउस मिळाले. १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूजला स्त्रियांचा स्वतंत्र क्लब निघाला, तो मैदानाच्या कडेच्या एका उंचसखल हिरवळीवर. तेथे फक्त पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे लोटणे. दूरवरचा फटका नाही. त्या हिरवळीला आजही ‘हिमालय’ म्हणतात. (पुरुषांना मैदान आणि बायकांना हिमालय, यात संन्यास कोणी घ्यावा याचीच सूचना असावी.) १८९० साली बॅडमिंटन ग्रंथमालेत गोल्फवरचा जाडजूड खंड निघाला. त्यात लॉर्ड वेलवुड नावाच्या न्यायाधीशाने स्त्रियांनी चेंडू सत्तर-ऐंशी यार्डांच्या पलीकडे मारू नये असे सुचवले आहे. कारण मजेदार आहे. त्यांच्या अंगी तेवढी ताकद नाही असे तो म्हणत नाही; उलट असेल, असे मान्य करतो. पण त्यासाठी काठी खांद्याच्या वर न्यावी लागते, आणि स्त्रीच्या पोशाखात ते बरे दिसत नाही! म्हणजे हरकत शक्तीची नव्हती, दिसण्याची होती. आणि दिसणार कोणाला, तर लॉर्ड वेलवुड यांना.

तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, ‘लेडीज गोल्फ युनियन’ स्थापन झाली. त्या वेळी होरेस हचिन्सन या मातब्बर खेळाडूने आणि लेखकाने संस्थापक स्त्रियांना पत्राने सबुरीचा सल्ला दिला होता : स्त्रियांची प्रकृती या खेळाला पुरी पडणार नाही, दिवसाला दोन फेऱ्या त्यांना झेपणार नाहीत, त्या आपापसांत भांडतील. त्याच वर्षी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. लेडी मार्गारेट स्कॉट हिने ती जिंकली. मग १८९४ ची जिंकली, मग १८९५ ची. आणि भांडतील म्हणून ज्यांची काळजी वाटत होती त्या बायकांनी इसेट पिअर्सन हिच्या पुढाकाराने सगळ्या क्लबांसाठी एकसारखी हँडिकॅपची पद्धत बसवली, पुरुषांच्या संघटनांना ते जमण्याच्या कितीतरी आधी. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला द्यायची ठरावीक सूट. तिच्यामुळे नवखा आणि मुरलेला, म्हातारा आणि तरुण, एकाच सामन्यात खऱ्या चुरशीने खेळू शकतात. कुस्तीत हे शक्य नाही. विषमांना बरोबरीने खेळवण्याची सोय ज्या खेळाच्या पोटातच आहे, आणि ती सोय शिस्तीने राबवण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांनाच आता पायघड्या घालून ‘या, बसा’ म्हणायचे. आयत्या बिळावर बसलेल्या नागोबाने मुंगीचे आदरातिथ्य करावे, तसे हे आहे.

हे आदरातिथ्य प्रत्यक्षात कसे होते, ते सेंट अँड्र्यूजला दिसते. तेथले ‘ओल्ड कोर्स’ सार्वजनिक आहे; शुल्क भरून कोणीही, स्त्री वा पुरुष, तेथे खेळू शकते. पण मैदानाच्या डोक्याशी जी दगडी इमारत आहे ती रॉयल अँड एन्शंट क्लबाची, आणि तो १७५४ पासून पुरुषांचा. २००७ साली स्त्रियांची ब्रिटिश ओपन स्पर्धा प्रथमच या मैदानावर झाली. तेव्हा खेळाडू स्त्रियांसाठी इमारतीचे दार उघडले. मेक्सिकोची लोरेना ओचोआ जिंकली. स्पर्धा संपली, दार मिटले. स्वागत म्हणतात ते हेच. लुईझ रिचर्डसन या २००९ साली त्याच गावच्या विद्यापीठाच्या प्रमुख झाल्या. दहशतवादाच्या अभ्यासात त्यांचे नाव मोठे, पुढे त्या ऑक्सफर्डच्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या आधीच्या प्रमुखांना क्लबाने मानाचे सभासदत्व दिले होते. त्यांना ते पाच वर्षे मिळाले नाही, कारण ते बाईला देता येत नव्हते. या पानांवर येणाऱ्या प्राध्यापक मंडळींनी क्षणभर कल्पना करावी : गावात विद्वत्तेची सर्वोच्च खुर्ची आपली, आणि समोरच्या इमारतीत मात्र आपण कोणाच्या तरी सौजन्याने. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लबाने मतदान घेतले, ८५ टक्के मते स्त्रियांच्या बाजूने पडली. पहिल्या मानद स्त्री-सभासदांत ॲनिका सोरेनस्टॅम होती आणि अमेरिकेची कृष्णवर्णीय खेळाडू रेने पॉवेलही होती. २६० वर्षांनी का होईना, झाले. वरातीमागून घोडे आले तरी ते घोडेच असते, हे मान्य.

म्यूरफील्डची कथा अधिक बोधप्रद. एडिंबरोच्या गोल्फपटूंची ही ‘ऑनरेबल कंपनी’ १७४४ पासूनची. मे २०१६ मध्ये तिथे स्त्रियांना सभासद करून घ्यावे का, यावर मतदान झाले. ६१६ मते पडली. ३९७ बाजूने, २१९ विरुद्ध. दोन-तृतीयांश हवी होती, १४ मते कमी पडली. विरोधकांनी सभासदांना जे पत्र पाठवले होते त्यात स्त्रिया आल्या तर खेळ मंदावेल आणि दुपारच्या जेवणाची घडी विस्कटेल, अशी चिंता होती. पावणेतीनशे वर्षांच्या परंपरेचा अखेरचा बुरूज म्हणून जेवणाची वेळ पुढे करावी, हे दयनीय आहे. पण त्यात प्रामाणिकपणाही आहे. परंपरा म्हणजे शेवटी कोणाची तरी न मोडलेली सवय असते, हे एवढ्या स्वच्छपणे सहसा कोणी लिहून देत नाही. निकाल लागला त्याच दिवशी ओपन स्पर्धेच्या यादीतून म्यूरफील्डचे नाव काढण्यात आले. दहा महिन्यांनी पुन्हा मतदान झाले आणि आता ८० टक्क्यांहून अधिक सभासद अनुकूल! मधल्या काळात जेवणाचा प्रश्न कसा सुटला, ते कळायला मार्ग नाही. २०१९ मध्ये पहिल्या स्त्रिया सभासद झाल्या, आणि २०२२ मध्ये स्त्रियांची ओपन तेथे भरली. दक्षिण आफ्रिकेच्या ॲश्ली बुहाईने ती अंधार पडत आला असताना, बरोबरी सोडवण्यासाठी घेतलेल्या चौथ्या जादा भोकावर जिंकली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. क्लब खासगी आहे. चार मित्रांनी कोणाबरोबर जेवावे यात इतरांनी का पडावे? ब्रिटनचा २०१० चा समानता कायदाही पूर्णपणे पुरुषांच्या किंवा पूर्णपणे स्त्रियांच्या क्लबाला मज्जाव करत नाही. दोघांना घेतले असेल तर दुजाभाव नको, एवढेच म्हणतो. मला तत्त्व मान्य आहे. चार म्हातारे मिळून एखाद्या टेकडीवर गोल्फ खेळत असतील आणि तेथे बाई नको म्हणत असतील, तर त्यांना सुखाने खेळू द्यावे. पण २००४ पर्यंत अमेरिका आणि मेक्सिको वगळता जवळजवळ साऱ्या जगासाठी गोल्फचे नियम ठरवणारा क्लब हे चार मित्र नव्हेत. ऑगस्टा नॅशनल हेही चार मित्र नव्हेत. २००२ मध्ये मार्था बर्क यांनी तेथे स्त्री-सभासद घेण्याची मागणी केली तेव्हा अध्यक्ष हूटी जॉन्सन यांनी दडपणाखाली काही करणार नाही असे बजावले, आणि प्रायोजकांवर बालंट नको म्हणून २००३ आणि २००४ ची मास्टर्स स्पर्धा चक्क जाहिरातींविना दूरचित्रवाणीवर दाखवली. तत्त्वासाठी पैसा सोडणारे लोक दुर्मीळ. हे तत्त्व कोणते होते तेवढे आठवावे. २०१२ मध्ये कोंडोलीझा राइस आणि डार्ला मूर या पहिल्या दोन स्त्रिया आत आल्या. मोठ्या कंपन्यांचे प्रमुख तेथे सभासद असतात; त्या हिरवळीवर नुसता चेंडू फिरत नाही. जेथे सत्ता आणि व्यवहार ठरतो त्या जागेला दिवाणखाना म्हणून चालत नाही.

मैदानावर खेळू द्यायचे आणि घरात घ्यायचे नाही, ही रीत आपल्याला अपरिचित नाही. क्लब आणि जिमखाना या संस्था आपल्याकडे इंग्रजांबरोबर आल्या (कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना), आणि त्यांतली उंबरठ्याची कल्पना आपल्या जुन्या उंबरठ्यांशी झकास जुळली. पुण्यात पालवणकर बाळूची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती. पण चहा त्याला पॅव्हिलियनबाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. अमेरिकेत विंबल्डनची विजेती आल्थिया गिब्सन १९६४ मध्ये स्त्रियांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली, तेव्हा क्लबहाउसची दारे तिच्या वर्णाला बंद असत आणि तिला मोटारीत बूट बदलावे लागत. या तिन्ही अन्यायांची तीव्रता सारखी आहे असा माझा दावा नाही. जातीचा आणि वर्णाचा दाह सेंट अँड्र्यूजच्या गैरसोयीशी तोलणे अशोभनीय होईल. पण वास्तुरचना एकच आहे. खेळ बाहेर, घर आत. आणि किल्ली ज्याच्या कमरेला तो यजमान.

महाराष्ट्रातल्या एका क्लबात काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने जेवायला गेले होते. भिंतीवर सोनेरी अक्षरांचे दोन लाकडी फलक. मोठ्यावर ‘कॅप्टन’, आणि जिन्याखालच्या धाकट्यावर ‘लेडी कॅप्टन’. मी बरोबरच्या ज्येष्ठ समीक्षकांना म्हटले, “सर, पहिल्या फलकावर ‘जेंटलमन कॅप्टन’ असे का नाही?” ते हसून म्हणाले, “बाई, तुम्ही जेवायला आलात की वाद घालायला?” मी जेवले. पण ‘कवी’ आणि ‘कवयित्री’ यांच्या व्याकरणावर तास घेणाऱ्यांना, आणि परिसंवादात दुपारची पेंगुळलेली वेळ ‘स्त्रियांचे लेखन’ या विषयाला राखून ठेवणाऱ्यांना, तो जिन्याखालचा फलक अगदीच अनोळखी वाटू नये.

यजमानपणा हा फक्त पुरुषांचा दुर्गुण आहे असेही नाही. १९५० साली तेरा खेळाडू स्त्रियांनी अमेरिकेत स्वतःची व्यावसायिक संघटना उभारली, ती एलपीजीए. तिचे मोल मोठे आहे. पण ऑगस्ट २००८ मध्ये याच संघटनेने जाहीर केले की दोन वर्षे खेळलेल्या परदेशी खेळाडूंना इंग्रजीत बोलता आलेच पाहिजे, नाहीतर निलंबन. रोख कोरियाच्या मुलींवर होता, ज्या तेव्हा स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत होत्या. गदारोळ उठला आणि थोड्याच दिवसांत नियम मागे घेतला गेला. चेंडूला भाषा कळत नाही. प्रायोजकांच्या मेजवानीला कळते. ज्यांना जिन्याखाली बसवले होते त्यांनीच वर आल्यावर दुसऱ्यांसाठी जिना शोधावा, याचे मला वाईट वाटले, आश्चर्य वाटले नाही.

आता ‘मग करायचे काय’ असे विचारले जाईल. गुलाबी पिशव्या आणि ‘स्त्रियांसाठी खास सकाळ’ नको. मताचा हक्क, रविवारी सकाळची वेळ आणि समितीतली जागा, या गोष्टी आधी. त्यानंतर जमीन. खेळ जेथून सुरू होतो त्या ‘टी’पैकी सर्वांत पुढचा, लाल खुणेचा, तो सवयीने बायकांचा मानला जातो. मैदान आखले जाते पुरुषाच्या फटक्याच्या अंदाजाने. वाळूचे खड्डे, पाण्याचे डबके, वळणे सगळी त्या मापाने. आणि शेवटी उरलेल्या गवतावर थोडे पुढे लाल खूण रोवतात. अनेकदा ती पुरेशी पुढे नसते. मग पुरुष दुसऱ्या फटक्याला छोटी काठी घेऊन ग्रीनवर पोहोचतो, आणि तितकीच कुशल स्त्री सर्वांत लांबची काठी घेऊनही अलीकडेच पडते. यावर क्लबात निदान ठरलेले असते : बायकांना खेळायला वेळ फार लागतो. मुळात टी लिंगाने ठरवायचे कारणच नाही. ज्याचा फटका जेवढा, त्याने तेथून सुरुवात करावी. सत्तरीतल्या गृहस्थांना लाल खुणेवरून खेळायला सांगून पाहावे, म्हणजे ती खूण अंतराची आहे की अब्रूची, ते कळेल. बक्षिसाच्या रकमेचे बोलायचे तर, २०२४ च्या अमेरिकन ओपनला पुरुषांसाठी २ कोटी १५ लाख डॉलर होते, स्त्रियांसाठी १ कोटी २० लाख. बाजार तसा आहे, असे उत्तर मिळते. बाजार कोणी मांडला, हा प्रश्न वर येऊन गेला आहे.

शेवटी आपल्या अंगणातले. वुडहाउसच्या गोल्फकथा आपल्याकडे प्रेमाने वाचल्या जातात, मीही वाचते. त्यातल्या एका कथेत दोन मित्र एकाच मुलीवर भाळतात आणि तिला मागणी कोणी घालावी हे गोल्फच्या सामन्यावर ठरवतात. मुलीला कोणी विचारत नाही. हसू येते, कारण वुडहाउस पुरुषांच्या वेडेपणालाच हसतो आहे. तो अपवाद. खरी अडचण ‘द ग्रेट गॅट्सबी’ची आहे, कारण ती आपण शिकवतो. १९२५ च्या या कादंबरीतली जॉर्डन बेकर व्यावसायिक नसली तरी नामांकित गोल्फपटू आहे. तिची कल्पना फिट्झजेराल्डने एडिथ कमिंग्ज हिच्यावरून घेतली. ती १९२३ ची अमेरिकन हौशी विजेती, १९२४ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकलेली पहिली स्त्री-खेळाडू. कादंबरीत अवतरताना तिच्या खेळातले उरते काय, तर एका उपान्त्य फेरीत अडचणीच्या जागेवरून तिने चेंडू हळूच हलवल्याची कुजबूज. निवेदक निक तिला अप्रामाणिक ठरवतो, वर बाईच्या अप्रामाणिकपणाचा फार दोष धरायचा नसतो असे औदार्य दाखवतो, आणि ते प्रकरण संपवताना आपण स्वतः मात्र दुर्मीळ प्रामाणिक माणसांपैकी एक आहोत असे सांगतो. निवेदक विश्वासार्ह नसतो हे आपण पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो. तरीही जॉर्डनची वेळ आली की प्रश्नपत्रिकेत ‘जॉर्डनच्या अप्रामाणिकपणाचे कादंबरीतील स्थान स्पष्ट करा’ अशा थाटाचा प्रश्न पडतो, आणि उत्तरपत्रिकांत निकचाच शेरा गाइडमधून उतरून येतो. त्याच परिच्छेदात दोन वाक्ये पुढे आहेत, ती सहसा कोणी वाचत नाही. कॅडीने आपला जबाब मागे घेतला होता, आणि दुसऱ्या एकुलत्या एका साक्षीदाराने आपली चूक झाली असेल असे कबूल केले होते. पुढच्या सत्रात उत्तरपत्रिका तपासताना एवढी नोंद किती जणांनी केली आहे, ते मोजून पाहावे. आणि त्याआधी, ती आपण वर्गात वाचली होती का, हेही.